थांबायचं की बाजूला व्हायचं? सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विनाचालक गाडीचं प्रकरण

विनाचालक गाड्यांच्या नैतिकतेवर चर्चा सुरू झाली की ती हमखास एका काल्पनिक पेचाकडे वळते. ब्रेक निकामी झालेत, एका बाजूला म्हातारी बाई आहे, दुसऱ्या बाजूला शाळकरी मुलं. गाडीने कुणाला उडवावं? वर्गात हा प्रश्न छान रंगतो. खाली मांडलेल्या प्रकरणात गाडीवर अशी निवड करायची वेळ आलीच नाही. धडक टळण्याजोगी होती का, या वादानेही फारसं काही ठरलं नाही. सगळं बिनसलं ते धडकेनंतरच्या काही सेकंदांत आणि त्यापुढच्या दहा दिवसांत.

प्रकरण २ ऑक्टोबर २०२३ चं, सॅन फ्रान्सिस्कोतलं. कंपनी क्रूझ, म्हणजे जनरल मोटर्सच्या मालकीची, तेव्हा रोबोटॅक्सी (विनाचालक टॅक्सी) चालवणारी कंपनी. चौकशीची कागदपत्रं जाहीर असल्यामुळे कंपनीचं नाव ठेवलं आहे. व्यक्तींची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात रोबोटॅक्सी चालवायला दोन कार्यालयांची परवानगी लागते. डीएमव्ही, म्हणजे आपल्याकडच्या आरटीओसारखा राज्याचा मोटार वाहन विभाग, गाडीला माणसाविना रस्त्यावर येऊ द्यायचं की नाही हे ठरवतो. भाडं घेऊन प्रवासी बसवायची मुभा सीपीयूसी हा राज्याचा सार्वजनिक सेवा आयोग देतो. शहराच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नाही. रस्ते शहराचे, अग्निशामक दल शहराचं, तक्रारीही शहराकडेच येणार, पण परवाना राज्याचा. पुढे जो राग दिसला त्याचं एक मूळ इथे आहे.

१० ऑगस्ट २०२३ रोजी सीपीयूसीने ३ विरुद्ध १ मतांनी क्रूझ आणि वेमो या दोन्ही कंपन्यांना शहरभर चोवीस तास भाडं घेऊन गाड्या चालवायला परवानगी दिली. शहराच्या अग्निशामक दलाने त्याआधीच आपल्या कामात विनाचालक गाड्यांनी आणलेल्या अडथळ्यांची यादी आयोगापुढे ठेवली होती. बंबाच्या वाटेत थबकणं, आग विझवण्याच्या जागी घुसणं, पसरलेल्या पाइपांजवळ येणं, अशा पन्नासहून अधिक नोंदी त्या यादीत होत्या. जुलैत काही कार्यकर्त्यांनी निषेधाची एक साधी युक्ती शोधून काढली होती. रस्त्यावरचा नारिंगी शंकू उचलायचा आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. गाडीला वाटतं समोर अडथळा आहे, ती जागची हलत नाही, आणि कंपनीच्या माणसाला येऊन शंकू काढावा लागतो. तोडफोड नाही, खर्च नाही. चित्रफिती जगभर फिरल्या.

परवानगी मिळाल्याच्या दुसऱ्याच रात्री नॉर्थ बीच भागात क्रूझच्या दहाएक गाड्या एकाच जागी अडकून पडल्या. शहरात मोठा संगीत महोत्सव चालू होता आणि मोबाइलच्या जाळ्यावर ताण आल्यामुळे गाड्यांशी संपर्क तुटला, असा कंपनीचा खुलासा होता. १७ ऑगस्टला क्रूझची गाडी आणि अग्निशामक दलाचा बंब यांची टक्कर होऊन गाडीतला प्रवासी जखमी झाला. डीएमव्हीने लगेच ताफा निम्म्यावर आणायला सांगितलं: दिवसा जास्तीत जास्त ५० गाड्या, रात्री १५०.

यातली बहुतेक गाऱ्हाणी एकाच प्रकारची होती: गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि हलत नाही. पुढचा निर्णय समजून घेताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

त्या रात्री काय घडलं

रात्री साडेनऊच्या सुमारास फिफ्थ स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या चौकात दोन गाड्या सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या होत्या. डावीकडच्या लेनमध्ये माणूस चालवत असलेली निसान, उजवीकडे क्रूझची रिकामी शेव्हरोले बोल्ट. दिवा हिरवा झाला, दोन्ही निघाल्या. चौकाच्या पलीकडच्या बाजूला एक महिला पादचाऱ्यांचा दिवा लाल असताना रस्ता ओलांडत होती. ती निसानच्या लेनमध्ये असताना निसानने तिला धडक दिली, आणि ती उडून उजवीकडे, क्रूझच्या गाडीपुढे पडली. निसानचा चालक थांबला नाही, पळून गेला.

क्रूझच्या गाडीने जोरात ब्रेक लावला, पण अंतर उरलं नव्हतं. ती महिलेवर आदळली आणि थांबली. इथवरची हकीकत कंपनीने त्याच रात्री सांगितली, आणि ती खरी आहे.

यानंतर गाडी पुन्हा निघाली. कडेला जाऊन उभं राहण्यासाठी ती सुमारे २० फूट, म्हणजे साधारण ६ मीटर पुढे गेली. वेग ताशी ७ मैलांपर्यंत, म्हणजे ११ किलोमीटरच्या आसपास पोहोचला. महिला गाडीखाली होती आणि तिच्यासोबत फरफटत गेली. अग्निशामक दलाने गाडी उचलून तिला बाहेर काढलं. जखमा गंभीर होत्या. ती वाचली.

गाडीला काय कळलं, काय कळलं नाही

कंपनीने नेमलेल्या एक्स्पोनंट या अभियांत्रिकी संस्थेचा तांत्रिक अहवाल पुढे जाहीर झाला. त्यातले तीन मुद्दे महत्त्वाचे.

पहिला मुद्दा धडकेच्या नोंदीचा. गाडी आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूचा माग ठेवते: ही गाडी, हा सायकलवाला, ही पादचारी, हिचा वेग इतका, पुढच्या क्षणी ती अमुक ठिकाणी असेल. निसानच्या धडकेनंतर हा माग बिघडला. आदळण्याच्या क्षणी महिला नेमकी कुठे आहे याचा गाडीचा अंदाज चुकला, आणि तिने समोरची धडक बाजूची धडक म्हणून नोंदली. संगणकाच्या दृष्टीने माणसाला उडवणं आणि अंगाला काहीतरी घासून जाणं यांत हा फरक आहे. बाजूची किरकोळ ठोकर मानली गेल्यामुळे ‘कडेला घे’ हा नियम लागू झाला.

दुसरा मुद्दा पायांचा. डाव्या बाजूच्या रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात महिलेचे पाय धडकेपासून शेवटपर्यंत दिसत होते. यंत्रणेने ते क्षणभर टिपलेही, पण माणूस म्हणून ओळखले नाहीत आणि त्यांचा मागही धरला नाही. छपरावरच्या सेन्सरांना गाडीच्या अगदी पोटाशी काय आहे ते दिसत नाही. दिसलं असेल तर या कडेच्या कॅमेऱ्यांनाच, आणि त्यांना दिसून उपयोग झाला नाही.

तिसरा मुद्दा वाचून अंगावर काटा येतो. २० फुटांनंतर गाडी थांबली तीही माणूस आहे हे उमगून थांबली नाही. खाली अडकलेल्या शरीरामुळे एका चाकाचा वेग बाकीच्या चाकांशी जुळेना, यंत्रणेने तो बिघाड मानला आणि गाडी थांबवली.

जागा माणूस स्टिअरिंगवर असता तर काहीतरी आदळलं आहे हे त्याला कळलं असतं आणि चौकशी केल्याशिवाय तो पुढे गेला नसता, असंही अहवाल म्हणतो. आपल्याकडे बस किंवा ट्रक मागे घेताना कुणी पत्र्यावर थाप मारली, तर ड्रायव्हर कारण विचारण्याआधी ब्रेकवर पाय ठेवतो. या गाडीला ती थाप ऐकायची सोय नव्हती.

अडचण नेमकी काय होती

अडचणी दोन, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की प्रकरणाचा अर्थ लागत नाही.

एक गाडीची. ठोकर बसली आहे, पण कशाला, कुठे, किती जोरात, याची खात्री नाही. अशा वेळी काय करावं? ‘कडेला घे’ हा नियम मूर्खपणाचा नव्हता. किरकोळ ठोकर झाली तर गाडी बाजूला घ्या, रस्ता मोकळा करा, हे पोलीस माणसांनाही सांगतात. भर वाहतुकीत उभी राहिलेली गाडी मागून दुसरी ठोकर ओढवून घेते आणि रुग्णवाहिकेची वाट अडवते. त्यातच या गाड्या रस्ता अडवतात म्हणून शहर महिनोन्‌महिने ओरडत होतं.

दुसरी कंपनीची. फरफट झाल्याचं तिला कळलं होतं. ते कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं?

समोर असलेले पर्याय

गाडीपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या: जागीच थांबणं, कडेला जाणं, किंवा जागीच थांबून दूरच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला कॅमेऱ्यातून बघायला सांगणं. तिसरी वाट ऐकायला सर्वांत शहाणी वाटते. पण त्या माणसाने चित्र उघडायचं, मागचे काही सेकंद फिरवून बघायचे आणि मग ठरवायचं, यात वेळ जातो. शिवाय मोबाइलचं जाळं कोसळलं की काय होतं ते नॉर्थ बीचमध्ये दिसलंच होतं. म्हणून पहिली प्रतिक्रिया गाडीत आधीच ठरवून ठेवावी लागते. ती ठरवताना दोन चुकांची किंमत शेजारी शेजारी मांडायला हवी. विनाकारण थांबलो तर दहा मिनिटं रस्ता अडेल, लोक शिव्या घालतील. विनाकारण हललो तर खालचा माणूस चिरडला जाईल. या दोन पारड्यांत तुलनाच नाही, आणि खात्री नसताना थांबणंच योग्य ठरतं. नियम लिहिताना ‘बाजूची ठोकर’ हे लेबल बरोबर असेल असं गृहीत धरलं गेलं. लेबल चुकलं तर काय, याचा विचार झालेला दिसत नाही.

कंपनीपुढेही वाटा होत्या. रात्रीच्या पहिल्या तासात ‘तपास चालू आहे’ एवढंच म्हणता आलं असतं. जे कळलं ते सगळं सांगता आलं असतं. किंवा जे आपल्या बाजूचं आहे तेवढंच सांगता आलं असतं.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

रात्री कंपनीच्या हाती १४ सेकंदांची एक चित्रफीत होती. तीत धडक दिसते, फरफट दिसत नाही. तिच्या आधारावर पत्रकारांना सांगितलं गेलं की आधी माणूस चालवत असलेल्या गाडीने धडक दिली, आमच्या गाडीने जोरात ब्रेक लावला आणि ती लगेच थांबली. ज्या घटकेला हे पहिल्यांदा लिहिलं गेलं, तेव्हा लिहिणाऱ्यांना तेवढंच माहीत होतं असं मानायला जागा आहे.

सकाळपर्यंत ४५ सेकंदांची पूर्ण चित्रफीत आली. ३ ऑक्टोबरच्या सकाळी, सरकारी कार्यालयांबरोबरच्या बैठका सुरू व्हायच्या आधीच, कंपनीतल्या शंभराहून अधिक लोकांना फरफटीबद्दल ठाऊक होतं. वरिष्ठ अधिकारी, वकील, जनसंपर्क आणि सरकारी संबंध पाहणारे, सगळे त्यांत होते. तरीही पत्रकारांना दिलेलं निवेदन दुरुस्त झालं नाही.

माझ्या मते प्रकरणाचा सांधा इथे निखळला. रात्रीची चूक ही चूक होती. सकाळी ती माहीत असूनही तशीच राहू दिली, तेव्हा तिचं रूप बदललं.

त्याच दिवशी महापौरांचं कार्यालय, डीएमव्ही, एनएचटीएसए म्हणजे केंद्रीय महामार्ग सुरक्षा संस्था, आणि इतर कार्यालयांबरोबर बैठका झाल्या. कंपनीने ठरवलं होतं की चित्रफीत दाखवायची, तीच काय ते सांगेल. तोंडाने ‘गाडी पुन्हा निघाली आणि महिलेला फरफटत नेलं’ असं कुणी म्हणायचं नाही. बैठका दूरस्थ होत्या. कंपनीच्या बाजूचं इंटरनेट अडखळत होतं आणि चित्र गोठत होतं. समोरच्यांना काय दिसलं आणि काय नाही, यावर पुढे मोठा वाद झाला. डीएमव्हीचं म्हणणं असं की आम्हाला दाखवलेलं चित्रण पहिल्या थांब्यावर संपलं, पुढच्या हालचालीबद्दल कंपनी काही बोलली नाही, ती आम्हाला दुसऱ्या एका सरकारी कार्यालयाकडून कळली, आणि पूर्ण चित्रफीत मागितल्यावर १३ ऑक्टोबरला हाती आली. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही संपूर्ण चित्रफीत दाखवली होती.

लेखी अहवालाची गोष्ट याहून सरळ आहे, कारण तिथे इंटरनेटचा दोष काढता येत नाही. स्वयंचलित गाडीच्या अपघातात कुणाला इस्पितळात न्यावं लागलं, तर कंपनीने एका दिवसाच्या आत एनएचटीएसएला कळवायचं आणि दहाव्या दिवशी ती माहिती अद्ययावत करायची, असा २०२१ पासूनचा आदेश होता. क्रूझने दोन्ही अहवाल दिले. फरफटीचा उल्लेख दोन्हींत नव्हता.

परिणाम

२४ ऑक्टोबरला डीएमव्हीने क्रूझचे विनाचालक परवाने स्थगित केले. गाड्या लोकांसाठी सुरक्षित नाहीत आणि कंपनीने सुरक्षिततेबद्दल दिशाभूल केली, ही त्यातली दोन कारणं. सीपीयूसीनेही प्रवासी नेण्याची परवानगी थांबवली. दोन दिवसांनी कंपनीने देशभरातल्या विनाचालक गाड्या स्वतःहून बंद केल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्या ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलण्यासाठी रिकॉल जाहीर झाला. बदल एवढाच होता की धडकेनंतर अशा स्थितीत गाडीने कडेला जायचं नाही, जागीच थांबायचं. १९ नोव्हेंबरला मुख्याधिकारी पायउतार झाले. डिसेंबरमध्ये नऊ वरिष्ठांना काढलं गेलं आणि पाठोपाठ सुमारे एक चतुर्थांश कर्मचारी, म्हणजे ९०० जण घरी गेले. यातल्या बहुतेकांनी त्या रात्रीच्या चित्रफितीला हातही लावला नव्हता.

कंपनीने नेमलेल्या क्विन इमॅन्युएल या वकिली संस्थेचा अहवाल २५ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. जाणूनबुजून फसवण्याचा हेतू पुराव्यांवरून सिद्ध होत नाही, असं तो म्हणतो. दोष दाखवतो तो कमकुवत नेतृत्वाचा, चुकलेल्या निर्णयांचा, विभागांमधल्या विसंवादाचा आणि नियामक म्हणजे शत्रूपक्ष या वृत्तीचा.

दंडांचे आकडे कंपनीच्या मानाने किरकोळ होते. सीपीयूसीला १,१२,५०० डॉलर. सप्टेंबर २०२४ मध्ये एनएचटीएसएला १५ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याच्या फौजदारी प्रकरणात ५ लाख डॉलर आणि खटला लांबणीवर ठेवण्याचा करार. जखमी महिलेशी ८० लाख ते १.२ कोटी डॉलरच्या दरम्यान तडजोड झाल्याच्या बातम्या आल्या. खरी किंमत १० डिसेंबर २०२४ रोजी दिसली. जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीच्या धंद्यात पैसा घालणं बंद केलं. तोवर १० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यात गेली होती. अर्थात या निर्णयामागे स्पर्धा आणि भांडवलाचा हिशेबही होता. एका रात्रीला सगळं श्रेय देणं बरोबर होणार नाही.

लोकांच्या मनात काय बदललं

इथे घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, म्हणून आकडे बघू. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन दरवर्षी पाहणी करते. स्वयंचलित गाडीची भीती वाटते म्हणणारे २०२२ मध्ये ५५ टक्के होते, २०२३ च्या सुरुवातीला ६८ टक्के. म्हणजे भीतीची मोठी उडी या अपघाताच्या आधीच पडली होती. २०२४ च्या पाहणीत हा आकडा ६६ टक्के आला. एवढं गाजलेलं प्रकरण होऊनही देशपातळीवरची सुई जवळजवळ जागची हलली नाही. गाडीवर विश्वास आहे म्हणणारे तेव्हा ९ टक्के होते, २०२५ मध्ये १३ टक्के.

शहरात मात्र काय घडलं पाहा. १० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, चायनाटाउनमध्ये चांद्र नववर्षाचा जल्लोष चालू असताना जमावाने एका विनाचालक गाडीच्या काचा फोडल्या आणि ती पेटवून दिली. गाडी क्रूझची नव्हती, वेमोची होती. आणि त्याच शहरात, त्याच वर्षी जूनमध्ये वेमोने प्रतीक्षा यादी बंद करून सेवा सर्वांना खुली केली, आणि तिला गिऱ्हाइकं मिळाली.

‘लोकांचा विरोध’ नावाची एकसंध गोष्ट यातून दिसत नाही. जो गाडीत बसून पाहतो त्याचा प्रश्न वेगळा असतो, जो फुटपाथवरून पाहतो त्याचा वेगळा. बसणाऱ्याने ॲपवर अटी मान्य केलेल्या असतात. रस्ता ओलांडणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि पोटाचा प्रश्न असलेल्या टॅक्सीचालकालाही नाही. आपल्याकडे हा तिसरा प्रश्नच सगळ्यांत पुढे आहे. नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं, तेव्हा कारण सुरक्षिततेचं नव्हतं, चालकांच्या रोजगाराचं होतं.

या प्रकरणातला आणखी एक आकडा जनमताच्या दृष्टीने बोलका आहे. रिकॉलच्या वेळी क्रूझने हिशेब मांडला की गंभीर इजेचा धोका असलेली अशी घटना १ कोटी ते १० कोटी मैलांत एकदा घडू शकली असती. अभियंत्याच्या दृष्टीने हा उपयोगी आकडा आहे. पण ज्याने ती बातमी वाचली, त्याने मैल मोजले नाहीत. गाडीखाली माणूस असताना गाडी निघाली, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका आपल्या ओळखीच्या असतात, पेंगुळला, प्यायला, फोनवर होता. ही चूक कुठल्याच ओळखीच्या चौकटीत बसत नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

गाडीच्या बाजूने नियम उलटा लिहायला हवा होता. थांबणं हे मूळ वर्तन, आणि हलण्यासाठी पुरावा लागेल. धडकेच्या आधीच्या दोनतीन सेकंदांत बंपरजवळ पादचाऱ्याचा माग होता आणि आता तो कुठेच सापडत नाही, तर तो माणूस गाडीखाली आहे असंच धरायचं. माग तुटणं ही माहिती आहे, माहितीचा अभाव नाही. दुसरं, धडकेच्या वर्गीकरणाला खात्रीची टक्केवारी जोडायची आणि ती कमी असेल तर सर्वांत वाईट वर्ग गृहीत धरायचा. तिसरं, निघण्याआधी कडेच्या कॅमेऱ्यांत जमिनीलगत काही आहे का ते तपासायचं. ते कॅमेरे गाडीवर होतेच. चाचण्यांच्या यादीतही एक ओळ कमी होती. आपल्या गाडीची धडक टाळण्याचे प्रसंग भरपूर तपासले जातात. शेजारच्या गाडीने आपल्या पुढ्यात भिरकावलेला माणूस, आणि त्याच्या पुढचे दहा सेकंद, हे मात्र सुटतं.

कंपनीच्या बाजूचे उपाय साधे आहेत, खर्चही नाही. पहिल्या निवेदनात ‘लगेच थांबली’सारखा निष्कर्ष लिहायचा नाही. वेळ, जागा, जखमी व्यक्तीची स्थिती आणि पुढची माहिती किती वाजता देऊ, एवढंच लिहायचं. निवेदन चुकलं असं कळलं की त्याच माणसांना, त्याच मार्गाने, त्याच दिवशी दुरुस्ती पाठवायची. नियामकांना चित्रफीत बैठकीत स्क्रीनवर दाखवण्यावर भिस्त ठेवायची नाही. फाइल आधी पाठवायची, सोबत सेकंदागणिक घटनाक्रम द्यायचा, त्यातलं सर्वांत वाईट वाक्य वर ठेवायचं आणि बैठकीत ते तोंडाने उच्चारायचं. कोण काय बोललं याची नोंद दोन्हीकडच्या सहीने ठेवायची. आणि लेखी अहवालावर सही करणाऱ्याने चित्रफीत स्वतः शेवटपर्यंत पाहिलेली हवी.

‘चित्रफीतच काय ते सांगेल’ या धोरणाचा बचाव काही जण करतात. वकिलांच्या सल्ल्याने कमी बोलणं ही रीतच आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयात ते ठीक असेल. परवाना देणाऱ्या कार्यालयाशी नातं वेगळं असतं. तिथे गाडीच्या प्रत्येक मैलासाठी कंपनीच्या शब्दावर भरवसा ठेवलेला असतो, कारण आतला डेटा तिच्याकडेच असतो.

दोष कुणाच्या माथी मारायचा, हा प्रश्नही या प्रकरणाने नव्याने समोर आणला. १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने एका महिलेला चिरडलं, तेव्हा स्टिअरिंगमागे देखरेखीसाठी बसलेली व्यक्ती होती. फौजदारी कारवाई तिच्यावर झाली, कंपनीवर नाही. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत आसनावर कुणीच नव्हतं. कॅलिफोर्नियात पोलिसांना विनाचालक गाडीला चलनही फाडता येत नव्हतं, कारण कायद्यात दोष ‘चालका’चा लिहिलेला. सप्टेंबर २०२४ मध्ये नवा कायदा झाला. जुलै २०२६ पासून अशा गाडीने नियम मोडला तर पोलीस थेट कंपनीच्या नावे नोटीस देऊ शकतील, अशी तरतूद त्यात आहे. अग्निशामक आणि पोलिसांना गाडीजवळ उभं राहून दूरच्या नियंत्रण कक्षाशी बोलता येईल असं दुतर्फा बोलण्याचं यंत्रही गाडीत बसवावं लागणार आहे. ही सोय अधिकाऱ्यांसाठी आहे. बंब येईपर्यंत फुटपाथवरच्या माणसाने पत्र्यावर मारलेल्या थापेचं काय करायचं, हे गाडी बनवणाऱ्यांनीच ठरवायचं आहे.